तिखट चालत नाही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'आमचे रविवार' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की माझं तोंड उघडत नव्हतं, हे सरांना आठवत असेल. आज विषय खाण्याचा आहे, त्यामुळे अडचण नाही.

सुरुवात झाली ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं. जेवणाची पाकिटं वाटताना एकाच टेम्पोत आपल्या वर्गातले आम्ही चौघं भेटलो. इतकी वर्षं एकाच गावात राहून आम्ही कधी धड बोललो नव्हतो. पाणी ओसरल्यावर एकजण म्हणाला, "रविवारी मिसळ खाऊया." तो रविवार अजून चालू आहे. कोरोनाने खंड पाडला तेवढाच.

आमचे नियम तीन. दर रविवारी वेगळं ठिकाण. बिल पाळीपाळीने एकाने द्यायचं. आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत शुगरचा रिपोर्ट कोणी काढायचा नाही.

उद्यमनगरातली फडतरे मिसळ भारी की कसबा बावड्यातली बावडा मिसळ, यावर आमच्यात सरळ दोन पक्ष आहेत. माझं मत मी जाहीर करणार नाही, कारण मला दोन्हीकडे जायचं असतं. पाहुण्यांना आम्ही एवढंच सांगतो की मिसळीची परीक्षा फरसाणावर होत नाही, कटावर होते. मोडाची मटकी सगळीकडे सारखीच. कांदा-लसणाच्या चटणीचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा हात जिथे बसलाय, तिथे कट जमतो. आणि सोबत ब्रेडच्या स्लाइस हव्यात.

मटणाचा रविवार असला की लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला जातो. तांबड्याचं कौतुक सगळे करतात, पण खरं कसब पांढऱ्या रश्श्यात. मटणाच्या आळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ घालायचे आणि तो फुटू द्यायचा नाही. वर्गातले दोघं पक्के शाकाहारी आहेत. त्यांच्या पाळीला उडुपी हॉटेल नाहीतर दावणगिरी लोणी डोसा. त्या दिवशी आम्ही मटणवाले निमूट चटणी मागून घेतो. कधी संध्याकाळी जमलो तर खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ, आणि नंतर गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध.

दोन-तीन वर्षांपूर्वी रंकाळ्यावर एक मैत्रीण भेटली. आत्ता समोरच बसली आहे. तिने विचारलं, "आम्ही काय वर्गाबाहेर होतो काय रे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या शाळेच्या दिवसांत मुली एकट्या हॉटेलात जात नसत. घरच्यांबरोबर गेल्या तरी पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये. साठीला टेकलो तरी आम्ही तोच पडदा धरून बसलो होतो. आता चारजणी येतात. हिशोबाची वही त्यांच्याकडे गेल्यापासून बिलाची पाळी कोणालाही चुकवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारूनच सांगतोय, पण नाव घेत नाही. ओळखायचं त्यांनी ओळखावं.

आपल्याबरोबर राधानगरीकडचा एक मुलगा होता. शहरात खोली घेऊन राहायचा. आई रोज एसटीने डबा पाठवायची. स्टँडवर जाऊन तो डबा उतरवून घ्यायचा आणि गार भाकरी खाऊन शाळेत यायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पाच-सहाजण रुपया-दीड रुपया काढून मिसळ खायला जायचो. त्याला दरवेळी हाक मारायचो. तो दरवेळी म्हणायचा, "मला तिखट चालत नाही."

आणि आम्ही ते खरं मानलं! राधानगरीचा गडी, भाकरीवर खर्डा घेऊन वाढलेला, त्याला तिखट चालत नाही! आम्ही त्याला 'गोड्या' म्हणून चिडवलं. पाच वर्षं चिडवलं.

गेल्या वर्षी तो आमच्या रविवारी पहिल्यांदा आला. आता गावात त्याच्या म्हशी आहेत, गोकुळला दूध घालतो. त्या दिवशी मिसळ आली. त्याने एकदा कट मागितला, मग दुसऱ्यांदा मागितला. आमच्या डोळ्यांतून पाणी, आणि हा शांत. मी म्हणालो, "गोड्या, तुला तिखट चालत नव्हतं की रे!"

तो म्हणाला, "तिखट तवा बी चालत हुतं. पैसं नव्हतं."

टेबलावर कोणी बोललं नाही. मग त्यानेच सांगितलं. शनिवारी आम्ही मिसळीला गेलो की आपल्या बाई त्याला वह्या घरी पोचवायला सांगायच्या. वह्या पोचवल्या की कांदेपोहे पुढे यायचे. "वह्या दहाच असायच्या," तो म्हणाला, "बाई स्वतः नेऊ शकत हुत्या." बाई, तुम्ही हे कधी कोणाला सांगितलं नाहीत. आज मी सांगितलं, रागावू नका.

त्या दिवशी परतताना आम्ही भाऊसिंगजी रोडने आलो. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल होतं. सरकारी पागेत नोकरी करणाऱ्या या माणसाला पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. हा धडा आपण शाळेत ऐकला होता, उत्तरपत्रिकेत लिहिला होता, मार्कही मिळवले होते. आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा का येत नाही, हे आपल्याला समजलं नव्हतं.

म्हणून आज एक विनंती करतो. या सभागृहात आपण साठ-पासष्टजण आहोत. दोन तुकड्या मिळून शंभराच्या वर होतो. काही देवाघरी गेले, काही लांब आहेत. पण बाकीच्यांना मी स्वतः फोन केले होते. कोणी म्हणालं, "घरी काम आहे." कोणी म्हणालं, "मला गर्दी सोसत नाही." एकजण म्हणाला, "बघतो." मेळाव्याची वर्गणी आपण ठरवली तेव्हा ती आपल्याला किरकोळ वाटली होती. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं, यातल्या किती जणांना 'तिखट चालत नाही'?

मला माहीत नाही. पण यावेळी मी ते खरं मानणार नाही.

म्हणून आमच्या रविवारचा एक नियम बदललाय. महिन्यातला एक रविवार न आलेल्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या गल्लीत. तिथलं जे हॉटेल असेल, गाडा असेल, तिथे बसायचं. बिल आधीच काउंटरवर देऊन ठेवायचं, टेबलावर आणायचं नाही. पुढच्या रविवारी त्या 'बघतो' म्हणणाऱ्याकडे जायचं ठरलंय. सकाळी आठला बिंदू चौकात जमू. गोड्याही पहिल्या एसटीने येतोय.

कट जादा मागायला लाजू नका.