‘दुखतंय’ म्हणण्याचा हक्क

(नाशिकमध्ये वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी बॉक्सिंगवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. आपण रेशन, दारू, मारहाण यांवर बोलतो. त्यात हे कुठून आलं? ते आलं एका गोळीमुळे.

आमच्या वस्तीतली सतरा वर्षांची एक मुलगी बॉक्सिंग खेळते. आई सातपूरला कारखान्यात रोजंदारीवर जाते. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, तेव्हा उजव्या मुठीचे सांधे सुजलेले होते. माझ्यासमोरच तिनं दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि सरावाला निघाली. मी अडवलं तर म्हणाली, “ताई, आईला सांगू नका. दुखतंय म्हटलं की ती म्हणेल, सोड तो खेळ. आणि सरांना कळलं तर स्पर्धेतून नाव जाईल.” तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड मोडलेलं होतं.

भाऊ कबड्डी खेळताना पडला तर त्याला हळदीचा लेप लागतो, दोन दिवस आराम मिळतो. बहीण पडली तर तिचा खेळच बंद होतो. म्हणून ती दुखणं लपवते. पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ साली ऑलिम्पिकमध्ये आलं. बायकांना तिथं पोचायला २०१२ साल उजाडलं. मेरी कोमनं त्याच वर्षी ब्राँझ पदक आणलं. इतक्या उशिरा उघडलेलं दार पुन्हा बंद होईल, ही भीती आपल्या मुलींना खरीच वाटते.

आता गोळीविषयी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांवर खेळात बंदी नाही. ट्रॅमाडॉलवर स्पर्धेच्या काळात १ जानेवारी २०२४ पासून जागतिक बंदी आहे. पण बंदी नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. पाळीत आपण सर्रास घेतो ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळीही आयब्युप्रोफेनच्याच जातीची. या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला जखम करतात. आधीच रक्त कमी असलेल्या मुलीच्या पोटात थोडा थोडा रक्तस्राव होत राहिला, तर तो लवकर लक्षातही येत नाही. वजनी गटात बसायला मुली पाणी तोडतात. अंगात पाणी कमी असताना हीच गोळी मूत्रपिंडावर ताण आणते. शिवाय ती रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणते. ज्या खेळात डोक्यावर ठोसे बसतात, तिथं याचा अर्थ नीट समजून घ्या. डोक्याला मार बसल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी ही धोक्याची घंटा असते. गोळी ती घंटाच बंद करते.

हे फक्त रिंगणातलं नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली, हे २०१९ साली विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या कितीतरी होत्या. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीत गोळी घेऊन मोळी उचलायची. तेही झेपेना तेव्हा पिशवीच काढायची. काम थांबता कामा नये, बाईच्या अंगाचं काही होवो, हा हिशेब उसाच्या फडातही आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातही.

मग करायचं काय? मुलगी जिथं शिकते तिथं आपण आया-मावश्यांनी जाऊन बसावं. दुखापतींची वही ठेवा, असं सरांना सांगावं. सराव किंवा लढतीआधी दुखणं दाबायला गोळी नको, हा नियम करून घ्यावा. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद; उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी दिसली तर तडक दवाखाना. आणि दुखापत सांगितली म्हणून कुणाचं नाव कायमचं कापलं जाणार नाही, हे सर्वांसमोर कबूल करून घ्यावं.

त्या मुलीचा हात आता बरा आहे. ती परत खेळते. तिची आई मला म्हणाली, “मी सोड म्हणाले असते, हे खरंच आहे.” तेव्हा घरी गेल्यावर आपल्या मुलीला विचारा, कुठं दुखतंय का? आणि ती ‘हो’ म्हणाली, तर तिचा खेळ काढून घेऊ नका.