हक्काचा पैसा घरापर्यंत: शिष्यवृत्ती, निराधारचा पगार आणि आपण

(कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे, दिल्लीत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. इथून जवळच बडोदा हाऊस आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे हे दिल्लीतले घर; आज तिथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. याच बडोदा संस्थानाने १९१३ साली एका तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला. तो तरुण म्हणजे बाबासाहेब. सयाजीरावांचे उपकार आपण विसरत नाही. पण ती मदत एका राजाच्या इच्छेवर अवलंबून होती.

पुढे १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून याच दिल्लीत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या प्रश्नांवर सविस्तर निवेदन दिले आणि त्यात शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो, तिचे मूळ तिथे आहे. राजाच्या मर्जीवर चालणारी मदत बाबासाहेबांनी हक्क केली. म्हणून सरकारी कागदावर ‘लाभार्थी’ लिहिलेले दिसले तरी मनात ‘हक्कदार’ असेच वाचा.

आज मला या हक्काच्या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायचे आहे. पैसा मंजूर होतो, सरकारकडून सुटतोही, पण आपल्या हातात पडत नाही. मध्ये तो कुठे अडतो?

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत. गावाहून फोन येतो, ‘बाळा, या महिन्याचा पगार आला नाही, बघ रे जरा.’ आजीचा निराधारचा पगार, आईचे लाडक्या बहिणीचे पैसे, धाकट्या भावाची शिष्यवृत्ती, सगळ्यांची चौकशी आपल्याकडेच येते. म्हणून ही यंत्रणा आपल्याला नीट समजली पाहिजे.

पहिली गोष्ट. ‘आधार बँकेला लिंक आहे’ आणि ‘आधार डीबीटीसाठी सीड झालेले आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा आधार क्रमांक केवायसीसाठी चार बँकांत दिलेला असू शकतो. पण सरकारचा पैसा आधारवर येतो तेव्हा एनपीसीआयच्या नोंदवहीत एका आधारपुढे एकाच बँकेचे नाव असते. शेवटी जिथे सीडिंग केले, ती बँक. अर्जात तुम्ही कोणते खाते लिहिले होते याला तिथे अर्थ उरत नाही. त्यामुळे ‘पैसे आले नाहीत’ असे वाटते आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते ते २०१७ साली दिसले. मोबाइलचे सिम आधारने पडताळताना अनेक ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांना न कळता खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान त्या खात्यांत जाऊ लागले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसी परवाना तात्पुरता थांबवला आणि कोट्यवधी रुपये परत करावे लागले. एका अंगठ्यात एवढी ताकद आहे. म्हणून सिम घेताना किंवा कुठल्या शिबिरात अंगठा देताना ‘हा कशासाठी?’ हे विचारायचेच. आणि घरातल्या प्रत्येकाचे ‘बँक सीडिंग स्टेटस’ आधारच्या संकेतस्थळावर बघून वहीत लिहून ठेवायचे: कोणती बँक, सुरू आहे की बंद.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली. आता साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाची फीसुद्धा असते. ती मिळाल्यावर सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. ज्या घरात एकरकमी तीस-चाळीस हजार कधी आले नाहीत, तिथे हा पैसा दवाखान्यात किंवा सावकाराकडे जायला एक दिवस पुरतो. मग महाविद्यालय टीसी आणि गुणपत्रिका अडवते. म्हणून शिष्यवृत्तीचे खाते वेगळे ठेवा. त्या खात्यावर कर्जाचा हप्ता लावू नका. पैसे आले की आधी फीची पावती घ्या.

अनेकांचे खाते शाळेत असताना, कमी कागदपत्रांवर उघडलेले असते. अशा ‘लहान खात्या’त वर्षाला एकूण एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. ही मर्यादा ओलांडली की रक्कम परत जाऊ शकते आणि पोर्टलवर नुसते ‘फेल’ दिसते. पूर्ण केवायसी करून हे खाते नियमित करून घ्या. ‘खाते बंद पडले, दंड भरा’ असे कोणी म्हणाले तर सांगा, शिष्यवृत्तीसाठी किंवा डीबीटीसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षे व्यवहार नसला तरी निष्क्रिय धरू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत.

थकलेली शिष्यवृत्ती ही किरकोळ बाब नाही. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, एक लाख पंचाहत्तर हजारांचा, हिशोब होता. याहून जास्त मी काही बोलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट गावातल्या अंगठ्याची. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये काढायला आजी बँकेत जात नाही. बँक दहा-पंधरा किलोमीटरवर असते. ती गावातल्या बँकमित्राकडे जाते. तो म्हणतो, ‘आजी, अंगठा लागला नाही, परत लावा.’ तीनदा लावला, हातात दीड हजार आले. खात्यातून किती गेले? आजीला वाचता येत नाही, आणि मोबाइल नंबर खात्याला जोडलेला नाही. पूर्वी साहेबाच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहावे लागे, आता यंत्रासमोर. यंत्राला जात नसते असे म्हणतात. पण यंत्र कोणाच्या घरात ठेवले आहे, कोणाला आधी बोलावले जाते आणि कोणाला ‘सर्व्हर डाऊन’ सांगितले जाते, याला जात असते.

त्यावर उपाय आहेत. प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मागायची. व्यवहार फसला तरी ‘फसला’ अशी पावती निघते. दर महिन्याला पासबुक भरून घ्यायचे. खात्याला घरातल्या विश्वासू माणसाचा मोबाइल नंबर जोडायचा. बँकमित्राने ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा शंभरामागे पाच-दहा कापणे ही रीत नाही, लूट आहे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते. पैसे काढायच्या दिवशी ते थोड्या वेळापुरते उघडायचे. पण लक्षात ठेवा, लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. एकटी राहणाऱ्या आजीला हे जमणार नसेल तर लॉकपेक्षा पावती आणि पासबुक बरे. आधार कुठे, कधी वापरले गेले याची मागच्या सहा महिन्यांची नोंदही आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

चौथी गोष्ट फोन आणि लिंकची. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि लगोलग खोटी संकेतस्थळे निघाली. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, हे आईला आज रात्रीच सांगा. त्या केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला होता. ज्या बाईचे दोघेही हयात नाहीत तिने काय करायचे, हे नंतर ठरले. व्यवस्था बाईला अजूनही कोणाची तरी बायको किंवा मुलगी म्हणूनच ओळखते. अशा अडलेल्या बाईलाच दलाल गाठतो. तिच्याआधी आपण तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

पैसे गेलेच तर? त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करायचा. बँकेला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. ग्राहकाची चूक नसेल आणि तिसऱ्याच कोणी फसवले असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केल्यास नुकसान ग्राहकाचे नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७चा नियम आहे. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आणि मंजूर झालेला पगार का थांबला, हे तहसीलदाराला माहितीच्या अधिकारात विचारायचे.

शेवटचे सांगतो. घरच्यांचे काम आपण दिल्लीतून फोनवर उरकतो, पण ओटीपी आपल्याला, पासवर्ड आपल्याला आणि आजीला काहीच ठाऊक नाही, असे होऊ देऊ नका. उद्या आपण नसलो तर ती पुन्हा दलालाच्या दारात. तिला पासबुकातला शेवटचा आकडा ओळखायला शिकवा. सुट्टीत गावी जाल तेव्हा विहारात नाहीतर समाजमंदिरात एक संध्याकाळ बसा आणि वस्तीतल्या प्रत्येक घराचे पासबुक, सीडिंग आणि हयातीचा दाखला तपासा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहितो. ते अशा एका संध्याकाळी, वहीत आणि पासबुकातही उतरले पाहिजे.

जय भीम.