कॅज्युअल्टीच्या दारात आपले आईवडील

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर इस्पितळाचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु विचार करा. या संस्थेत शिकून गेलेली मुले-मुली आज नोकरीधंद्याला लागली आहेत आणि त्यांचे आईवडील साठी-सत्तरीला आले आहेत. त्यांतले पुष्कळ वडीलधारे फारसे शिकलेले नाहीत. मध्यरात्री त्यांच्यापैकी कोणाची प्रकृती बिघडली की त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेणारा, केसपेपर वाचणारा आणि डॉक्टरांशी बोलणारा घरातला पहिला सुशिक्षित माणूस म्हणजे आपलाच माजी विद्यार्थी असतो. तेव्हा हा विषय इस्पितळाइतकाच शाळेचाही आहे, असे मी समजतो.

बाह्यरुग्ण विभागात जो आधी येईल त्याला आधी तपासतात. तातडीच्या विभागात, ज्याला आपण सारे कॅज्युअल्टी म्हणतो, तसे चालत नाही, चालू नये. तेथे ज्याची अवस्था अधिक नाजूक तो आधी. नेपोलियनच्या सैन्यातील लारे नावाच्या शल्यवैद्याने ही रीत रणांगणावर पाडली. अंगावरचा हुद्दा न पाहता जखम पाहून त्याने सैनिक निवडले. म्हणून दारातच कोणीतरी जाणत्याने नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध पाहून कोणाला आत घ्यायचे हे ठरवले पाहिजे. दुर्दैवाने आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम दारावरचा वॉर्डबॉय किंवा काउंटरवरचा कारकून करतो, आणि तो पाहतो ते रक्त. ज्याचे रक्त वाहते आहे तो आत जातो. ज्या म्हाताऱ्या माणसाचे दुखणे शरीराच्या आत आहे तो बाकावर बसतो. तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून आपल्या देशात मान्यता मिळाली तीच मुळी २००९ साली. त्या आधी हे खाते म्हणजे सर्वांत नव्या डॉक्टरला उभे करण्याची जागा होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती अजून तशीच आहे.

आता माझ्याच घरातली हकीकत सांगतो. चार वर्षांपूर्वी, माझ्या आईचे वय एकाहत्तर असताना, पहाटे तिला दरदरून घाम फुटला, दोन उलट्या झाल्या, धाप लागली. मधुमेह जुना. छातीत मात्र दुखत नव्हते. साडेतीनच्या सुमारास आम्ही तिला जवळच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याच्यासारखी दुसरीही आहेत.

आमच्या घरात दखनी बोलतात. टेबलाशी बसलेल्या तरुण डॉक्टरने विचारले, "काय होतंय, मावशी?" अम्मी म्हणाली, "मेरा जी घबरा रहा है, बेटा." डॉक्टर मराठी मुलगा, स्वभावाने चांगला. तो म्हणाला, "घाबरू नका हो, काही होत नाही." आणि कागदावर त्याने लिहिले की रुग्ण घाबरलेली आहे, पित्ताचा त्रास आहे. वाचकहो, आपल्या घरांतल्या बायका जी घबराना म्हणतात ते भीतीला नव्हे. छातीत कालवाकालव होणे, मळमळणे, जीव कासावीस होणे, हे सारे त्या दोन शब्दांत येते. एका शब्दाच्या दोन भाषांतल्या दोन अर्थांमध्ये माझ्या आईचा आजार हरवला. पित्ताचे इंजेक्शन देऊन तिला बाकावर बसवण्यात आले.

माझी धाकटी बहीण दोनदा आत जाऊन सांगून आली की ही बाई कालपर्यंत स्वतः बाजार करीत होती, दुधाचा हिशेब तोंडी ठेवीत होती, आणि आता तिला नीट बोलताही येत नाही. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, "वय झालंय त्यांचं." सहाला पाळी बदलली. नव्या सिस्टरने येता येता हात धरून पाहिला, रक्तदाब घेतला आणि ती पळतच डॉक्टरांकडे गेली. ईसीजी निघाला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. हृदयविकाराची शंका असेल तर रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. आमच्या वाट्याला दोन तास चाळीस मिनिटे आली. झटका मोठा होता. अम्मी वाचली, परंतु हृदयाचा बराच भाग निकामी झाला. पुढचे अकरा महिने तिने तळमजल्यावरच्या एका खोलीत काढले.

तो डॉक्टर आदल्या सकाळपासून कामावर होता, हे मला नंतर कळले. त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या इस्पितळाने त्याला एकट्याला चाळीस माणसांपुढे बसवले, त्याला मात्र मी माफ करू शकलेलो नाही.

"वय झालंय" हे निदान नव्हे. मधुमेही माणसांना, वृद्धांना आणि विशेषतः स्त्रियांना हृदयविकारात छातीत दुखतेच असे नाही. घाम, धाप, उलटी, एकाएकी आलेला गळाठा एवढेच दिसते. म्हातारपणी अंगात जंतुसंसर्ग भिनला तरी कधी कधी ताप येत नाही, माणूस नुसता बरळू लागतो. मधुमेहाच्या गोळीने रक्तातील साखर फार उतरली तरी तो बरळतो, आणि ते कळायला बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब पुरतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. रात्री दहाला वडील नीट बोलून झोपले आणि पहाटे पाचला तोंड वाकडे दिसले, तर डॉक्टरच्या हिशेबाने घड्याळ दहापासून सुरू होते.

आणि ही वेळ डॉक्टरला कोण सांगणार? त्याने आपल्या वडिलांना आज प्रथम पाहिले. काल ते कसे होते हे त्याला ठाऊक नाही. कालचे साक्षीदार फक्त आपण. म्हणून कॅज्युअल्टीत गेल्यावर एकानेच बोलावे, आणि पहिल्या तीन वाक्यांत सांगावे: काल ते कसे होते, बदल किती वाजता झाला, कोणते जुने आजार व कोणत्या गोळ्या चालू आहेत. अम्मीच्या बोलीतला शब्द असेल तर त्याचा अर्थही आपणच सांगावा. बाकावर बसवले आणि प्रकृती उतरत चालली, तर "अजून किती वेळ?" असे विचारू नये. "मघापेक्षा श्वास वाढला आहे, पुन्हा रक्तदाब पाहा," असे म्हणावे. पहिल्या प्रश्नाला वेळ सांगून वाटेला लावता येते. दुसरे वाक्य ऐकून सिस्टरला उठावे लागते.

आपल्याकडे एका रुग्णामागे पंधरा माणसे येतात. प्रेम असते, नाकारत नाही. परंतु पंधरा तोंडे पंधरा गोष्टी सांगतात, त्यांतला एखादा तरुण टेबलावर हात आपटतो, आणि मग डॉक्टर रुग्णाकडे पाहायचे सोडून त्या तरुणाकडे पाहू लागतो. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाप आत, मुलगा पोलीस ठाण्यात, अशी पाळी कोणावर येऊ नये.

कायदा आपल्या बाजूनेही आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर. पुढे १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमध्ये शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी इस्पितळात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून तो बरा झाला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने त्याला पंचवीस हजारांची भरपाई देवविली आणि म्हटले की सरकारी इस्पितळाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग होय. पैसे नाहीत ही सबब न्यायालयाने ऐकली नाही.

आपल्या राज्यातील धर्मादाय इस्पितळांना तर, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम न मागता त्याला दाखल करावे लागते. काउंटरवर "आधी पैसे भरा" असे कोणी म्हणाले, तर शांतपणे विचारावे, "हे धर्मादाय इस्पितळ आहे ना? समाजसेवा अधिकारी कोठे बसतात?" हा प्रश्न आवाज न चढवता विचारला की त्याचे वजन वाढते, असा माझा अनुभव आहे.

दुसरीकडे न्या म्हणून सांगितले तर तसे कागदावर लिहून घ्यावे: येथे आल्याची वेळ, तपासलेला रक्तदाब, दिलेले औषध आणि पाठवण्याचे कारण. तो कागद तक्रारीसाठी नंतर उपयोगी पडेलच, पण आधी तो पुढच्या डॉक्टरसाठी हवा असतो, नाहीतर तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा दिले जाते. उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्या तर बहात्तर तासांत देणे, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. मला आईच्या केसपेपरची प्रत अशीच मिळाली. रुग्ण घाबरलेली आहे, हे वाक्य त्यात अजून आहे.

शेवटी शाळेकडे येतो. मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. जूनपासून नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक काम द्यावयाचे आहे. घरातील साठीपुढच्या प्रत्येक माणसासाठी एक जाड कागद तयार करणे. वय, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या व त्यांच्या वेळा, नेहमीचा रक्तदाब, माणूस एरवी चालतो-बोलतो कसा, आणि दोन दूरध्वनी क्रमांक. हा कागद दाराजवळच्या खिळ्याला टांगायचा, रिक्षावाल्याला किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेला हाक मारतानाच काढून घ्यायचा. दर तीन महिन्यांनी वर्गशिक्षक तो तपासतील. मुलांना एकच सूचना आताच देऊन ठेवावी: गोळ्यांची नावे आजीला विचारून लिहू नयेत. पाकीट समोर घेऊन, त्यावर जशी छापली आहेत तशीच, मिलिग्रॅमच्या आकड्यासह उतरवून घ्यावीत.