सुलभा देशपांडे : भूमिकांच्या पलीकडची कारकीर्द

सुलभा देशपांडे म्हटलं की आज अनेकांना 'इंग्लिश विंग्लिश'मधली समजूतदार सासू आठवते, वडीलधाऱ्यांना 'भूमिका' किंवा 'जैत रे जैत' आठवतो. पडद्यावर त्यांना बहुतेक दुय्यम कामं मिळाली, म्हणून 'चरित्र अभिनेत्री' म्हणून त्यांची बोळवण होते. मला ते मान्य नाही. 1967 साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि नायिका लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई. नाटकातल्या खेळातल्या खटल्यात आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात. भोवतालची माणसं जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचं उभं आयुष्य त्या लांबलचक स्वगतातून बाहेर पडतं. ते एकटीनं पेलणं हे दुय्यम कलावंताचं काम नव्हे. याच नाटकावरच्या सत्यदेव दुबे यांच्या 1971च्या चित्रपटातही बेणारे त्यांनीच साकारली.

पण एवढ्यावर त्यांची थोरवी संपत नाही. बेणारे शिक्षिका होती. सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत, मुलांची नाटकं बसवत. 1971मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी राहिली, पुढे छबिलदासच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांना हक्काची जागा मिळाली, आणि 'चंद्रशाळा' या बालविभागातून 'दुर्गा झाली गौरी'सारखं नृत्यनाट्य आलं. कुणी म्हणेल, संस्था चालवणं हे कार्यकर्त्याचं काम, ते अभिनयाच्या खाती कशाला? शिवाय अरविंद देशपांडे, अरुण काकडे या सहकाऱ्यांचेही त्यात कष्ट होते. श्रेय वाटून घ्यावंच लागेल. मात्र मुलाला रंगमंचावर निर्धास्त उभं करायला अभिनय आतून ठाऊक असावा लागतो. तिथं त्यांच्यातली नटी आणि शाळेतल्या बाई वेगळ्या काढताच येत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की दादरच्या हॉलमधलं नाटक मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत पोचतं कुठं? सिनेमाच पोचतो. प्रयोग पोचला नसेल, पण त्यामागची रीत पोचू शकते. बालाघाटजवळच्या, मँगनीजच्या खाणीवर वसलेल्या भरवेलीला मुंबईसारखी भव्य नाट्यगृहं परवडणार नाहीत. शाळेची खोली, चार बाकं आणि मुलांना तालमीसाठी संध्याकाळ देणाऱ्या एखाद्या बाई एवढं परवडेल. शेजारच्या, विदर्भातल्या झाडीपट्टीनं तर शेतात मंडप घालून नाटक जगवलं आहे. सुलभाताईंना 1987 साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, 2016मध्ये त्या गेल्या. नटीची कारकीर्द मोजताना तिच्या भूमिकांबरोबर तिनं किती जणांना रंगमंचावर उभं केलं, तेही मोजू या.