सेल्फ बदलण्याआधी अर्थिंगची तार बघा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावाबद्दल बोलायला उभे नाही. घरात आलेला कापूस बाजारापर्यंत नेणाऱ्या गाडीबद्दल बोलायला उभे आहोत. आम्ही कुणी मिस्त्री नाही. पाच घरांनी पैसे घालून एक जुनी डिझेल पिकअप घेतली आणि तिच्यापायी ठेचा खाल्ल्या. त्या ठेचा तुम्हाला लागू नयेत, एवढ्यासाठी हे सांगतो.

पौषातली गोष्ट. रात्री कापूस भरून ठेवला होता. शनिवारी वेचणीची मजुरी चुकवायची, म्हणून पहाटे चारला निघायचे ठरले. चावी फिरवली. सेल्फ एकदाच 'टक' म्हणाला आणि गप्प बसला. दिवे मात्र चांगले लागत होते. तालुक्याहून मिस्त्री आणला. तो म्हणाला, बॅटरी गेली. साडेसहा हजारांची नवी बॅटरी घातली. दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा 'टक'. मग सेल्फ उतरवला, ब्रश बदलले, बुश बदलले. पुन्हा तेच. बाजाराचे दोन दिवस हुकले आणि मजुरी उसनवारीने दिली. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने एक जाड तार घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, दुसरे थेट इंजिनच्या लोखंडाला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू! इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी चिखला-तेलाखाली कुजली होती. दोन-तीनशे रुपयांचे काम, आणि आम्ही घालवले दहा हजार.

दिवे लागतात आणि सेल्फ का फिरत नाही? यात जादू नाही, हिशेब आहे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण पाच अँपिअर करंट घेतो. डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ दोनशे अँपिअर किंवा जास्तही घेतो. सांध्यावर गंज चढून एक शतांश ओहमचा अडथळा आला, तर दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. बल्बला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्धा बुजलेल्या पाइपातून तांब्याभर पाणी येते, पण ओलित होत नाही. तसेच हे. म्हणून 'दिवे लागतात म्हणजे बॅटरी आणि तारा ठीक आहेत' हे म्हणणे सोडून द्या.

आता क्रम सांगतो. आमचे बोलणे यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीचे आहे. कॉमन रेलच्या नव्या गाडीत डिझेलचा दाब फार मोठा असतो. तिथे डिझेलच्या नळ्या सैल करण्याच्या भानगडीत पडू नका.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणून त्याला तीनच गोष्टी हव्यात: जोरात फिरणे, पुरेशी उष्णता आणि वेळेवर डिझेल. गाडी अडली की पहिला प्रश्न हा विचारा: सेल्फ फिरतो का?

सेल्फ फिरत नाही किंवा ओढत फिरतो, तर गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. दिवा एकदम मंदावला किंवा विझला, तर बॅटरी उतरली आहे, सांधा खराब आहे किंवा सेल्फ जाम आहे. दिवा तसाच राहिला आणि आवाजच नाही, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक तार बघा. दिवा तसाच राहिला आणि 'टक' आवाज आला, तर जाड तारांचे सांधे, अर्थिंग, सोलेनॉइडचे आतले पॉइंट आणि सेल्फचे ब्रश संशयात येतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर चांगला सेल्फही जळतो.

मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरी तसेच झाले, तरच बॅटरीला दोष द्या. मग अर्थिंग मोजा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरे इंजिनच्या घासून साफ केलेल्या लोखंडावर ठेवा आणि सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर चोर सापडला! मीटर नसेल तर सेल्फ मारून झाल्यावर सांध्यांना जपून हात लावा. जो सांधा तापला, तो बिघडला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग पॉलिश पेपरने घासा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

आता दुसरी बाजू. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. अशा वेळी सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोहोचत नाही. बंद करायची ओढ-तार अडकली आहे का बघा. पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल तर चावी लावताच तिथे बारीक 'टक' ऐकू यायला हवे. नाही आले तर त्याची तार आणि फ्यूज बघा. मग फिल्टरमधले पाणी काढा. हवा धरली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा आणि बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा.

पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल जाते पण पेटत नाही. पारा आठ-दहा अंशांवर उतरलेल्या पहाटे हे हमखास होते. ज्या इंजिनात हीटर प्लग आहेत, तिथे ते तपासा. प्लगना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगच्या टोकाला लावा. ज्या प्लगवर दिवा लागत नाही, तो प्लग गेला. सगळे चांगले निघाले तर त्यांच्याकडे करंट येतो का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का, ते बघा. पण हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरू नका, इथरचा फवाराही मारू नका. तापलेल्या हीटरवर त्याचा भडका उडतो आणि इंजिनसह माणूसही जायबंदी होतो.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली सापडते? गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. साडेबाराच्या आसपासच राहिले तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटरचे ब्रश, रेग्युलेटर गेले आहेत. पंधराच्या वर गेले तर बॅटरी उकळून मरेल. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरते, तर चावी बंद करून निगेटिव्ह तार काढा आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. लख्ख पेटला तर काहीतरी रात्रभर करंट खात आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या वाटेवर चोर आहे.

बहुतेक वेळा तो चोर आपणच बसवलेला असतो. टेपची तार पीळ देऊन जोडलेली, जादा हॅलोजन फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर घेतलेला. भावांनो, मागे कापूस भरलेला आहे हे विसरू नका! उंदराने कुरतडलेल्या तारेची एक ठिणगी वर्षाची कमाई जाळू शकते. जादा दिव्याला बॅटरीजवळ फ्यूज घाला, आणि भरलेली गाडी रात्री उभी करताना निगेटिव्ह तार काढून ठेवा.

आणखी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. गाडीखाली शिरून पेचकसाने सेल्फ थेट जोडू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावरून जाते. दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला जोडा, आणि निगेटिव्हची शेवटची जोड बॅटरीपासून दूर इंजिनच्या लोखंडाला द्या. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्याला ठिणगी नको, आणि तिथे बिडीही नको.

मिस्त्री चोर आहे असे आमचे म्हणणे नाही. पण आपण नुसते 'चालू होत नाही' म्हणालो, तर तोही अंदाजच करणार, आणि त्याच्या अंदाजाचे पैसे आपल्या खिशातून जाणार. 'सेल्फ मारताना अर्थिंगवर दीड व्होल्ट पडतो' असे सांगितले तर काम अर्ध्या तासाचे होते. कापूस मोजताना आपण काट्यावरची नजर हटू देत नाही. मग गाडीच्या बाबतीत न मोजता पैसे का मोजायचे?

म्हणून गावोगाव एक पेटी ठेवा. तिच्यात मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, तारेचा ब्रश, सोडा, फ्यूज आणि अर्थिंगची एक जास्तीची तार असू द्या. एक वही ठेवा आणि बिघाड काय होता, कुठे सापडला ते तिच्यात लिहा. शाळा शिकलेली पोरे-पोरी हे एका दिवसात शिकतील. रात्री-अपरात्री साप चावलेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण दवाखान्यात न्यायची वेळ येते, तेव्हा गावात हीच एक गाडी असते. त्या वेळी ती 'टक' म्हणून गप्प बसू नये, एवढेच आमचे सांगणे.