एकदम लागलेले सात दिवे



जर्मनीत गाडीला हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे छापलेले असतात. वर ०४ आणि खाली १० असेल, तर ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर येणार. कर तेवढ्याच महिन्यांचा, आणि उरलेले पाच महिने ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करायची नाही. १९९७पासूनची ही सोय कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या भलतीच पथ्यावर पडली. त्यामुळे दर वसंतात तिथे शेकडो व्हॅन गोठ्यातून बाहेर निघतात, मालक उत्साहाने चावी फिरवतो आणि डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतात. एक नाही, सहा-सात. एबीएस, ईएसपी, चढावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा, क्रूझ कंट्रोल, समोर अडथळा आला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन सांभाळणारी यंत्रणा आणि वर टायरमधल्या हवेचा दिवा.

मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण तो सात दुरुस्त्यांची बिलं मोजायला लागतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की सात दिवे एकदम लागले तर बिघाड बहुधा एकच असतो आणि तो त्या सातांपैकी कुणातही नसतो.

कॅम्पर व्हॅन म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. मालवाहू व्हॅनच्या पोटात पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर पॅनेल. युरोपात यातला फार मोठा वाटा फियाट डुकाटोवर बांधलेल्या व्हॅनचा. ही डुकाटो इटलीत अतेस्सा इथल्या कारखान्यात तयार होते आणि मग घर बांधून घ्यायला अनेकदा जर्मनीत येते. म्हणजे एकाच गाडीत वायरिंग दोन वेळा, दोन वेगळ्या हातांनी होतं. तिसरा हात हौशी मालकाचा. तो सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन बसतो, आणि त्याचा मला सगळ्यांत जास्त धाक वाटतो. (हशा)

आता एवढे दिवे आले कुठून? १९७८ साली बॉश कंपनीचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. १९९५मध्ये ईएसपी आलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा. ती काही वर्षं श्रीमंतांच्या गाड्यांतच राहिली असती. पण १९९७मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत नवी कोरी छोटी मर्सिडीज ए-क्लास अडथळा चुकवताना उलटली. कंपनीची नाचक्की झाली आणि तिने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवलं. २०१४पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं झालं. मग २०१९च्या सुरक्षा नियमावलीने आपोआप लागणारा ब्रेक, लेनमध्ये परत आणणारी यंत्रणा, पेंगणाऱ्या चालकाला जागं करणारी सूचना, वेगमर्यादेची आठवण असं सगळं आणलं. नव्या मॉडेलना ते जुलै २०२२पासून आणि बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२४पासून लागू झालं. आपल्याकडे तशी सक्ती नव्हती, तरी २०२०-२१पासून एमजी ग्लॉस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांतून हीच मंडळी आपल्या पार्किंगमध्ये येऊन बसली आहेत.

या यंत्रणा एकमेकींच्या डोक्यावर उभ्या आहेत. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढा. त्याचा आकडा एबीएसचा कॉम्प्युटर वाचतो आणि दोन वायरींच्या एका सामायिक जाळ्यावर टाकतो. याला कॅन म्हणतात. बॉशने ते १९८६मध्ये जगापुढे मांडलं. तो आकडा ईएसपी उचलतं, क्रूझ कंट्रोल उचलतं, लेनचा कॅमेरा उचलतो, रडार उचलतं. पुष्कळ गाड्यांत टायरमधल्या हवेचा अंदाजही त्याच आकड्यावरून बांधला जातो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून ते थोडं जास्त वेगाने फिरतं. म्हणजे वर्तमानपत्रं सात, बातमीदार एक. तो आजारी पडला की सातही पत्रांचं पहिलं पान कोरं.

म्हणून पिवळा दिवा ‘मी बिघडलो’ असं सांगत असेलच असं नाही. पुष्कळदा तो ‘मला मिळालेल्या माहितीवर माझा भरवसा नाही, मी बाजूला होतो’ असं सांगत असतो. हे वर्तन शहाणपणाचं आहे. खोट्या वेगावर विसंबून महामार्गावर मध्येच ब्रेक लावणारी गाडी कुणाला हवी आहे?

स्कॅनर लावला की हे अक्षरांत दिसतं. सी अक्षराने सुरू होणारे कोड चाकं-ब्रेक-स्टिअरिंगचे, पी इंजिन-गिअरचे, बी बॉडीचे आणि यू आपसातल्या संभाषणाचे. यू ०४१५ म्हणजे एबीएसकडून आलेली माहिती विश्वासार्ह नाही. यू ०१२१ म्हणजे एबीएसशी बोलणंच तुटलं. असे पाच-सहा यू कोड वेगवेगळ्या कॉम्प्युटरमध्ये बसलेले असतात आणि त्यांच्यात एकच सी ००३५ असतो, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा. यू कोड म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी. आजाऱ्याचं नाव सी ००३५ने सांगितलेलं असतं. कोडची यादी वरून खाली वाचत प्रत्येकापुढे एकेक पार्ट लिहिणारा मेकॅनिक म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझ्या परिचयातल्या एका मराठी जोडप्याची व्हॅन सांगतो. स्टुटगार्टच्या बाजूला राहतात. हिवाळाभर उभी असलेली व्हॅन मार्चअखेर काढली, सात दिवे लागले. गॅरेजने कोड वाचले आणि एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं, म्हणजे काही हजार युरो. वहिनींनी मला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “बॅटरी किती व्होल्ट दाखवते?” त्यांना वाटलं मी विषय बदलतोय.

हिशेब करून बघा. उभ्या गाडीत अलार्म, सेंट्रल लॉक, चोरीच्या भीतीने लावलेला ट्रॅकर जागे असतात. समजा सगळे मिळून ५० मिलिअँपिअर खातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ९५ अँपिअर-तासांची बॅटरी चाळीस दिवसांत निम्मी उतरते. छतावर सोलर आहे ना, असं लोक म्हणतात. पण पुष्कळ व्हॅनमध्ये तो फक्त घराची बॅटरी भरतो, इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला त्यातला थेंबही मिळत नाही. भरलेली शिशाची बॅटरी स्वस्थ असताना १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली १२.२च्या आसपास. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली जाऊ नये. खाली गेली तर इंजिन कदाचित सुरू होईलही, पण त्या दोन सेकंदांत निम्मे कॉम्प्युटर भोवळ येऊन पडतात, उठतात आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी नोंदवतात.

त्यांची बॅटरी चार्ज केली, कोड पुसले. दिवे गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणजे उतरलेली बॅटरी हे अर्धंच उत्तर होतं. मग अर्थिंग.

इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासीशी जोडायला तांब्याच्या तारांची वेणी घातलेली पट्टी असते. सेल्फ मारताना शेकडो अँपिअर करंट तिच्यातून परत येतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात ही पट्टी गाडीच्या पोटाखाली लोंबत असते. वरून बरी दिसते, पण नटाखाली हिरवा बुरा चढलेला असतो. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांना लावला तर तो आनंदाने शिटी वाजवतो, कारण पाच मिलिओहमचा अडथळा त्याच्या गावीही नसतो. पण त्या पाच मिलिओहममधून २०० अँपिअर गेले की एक व्होल्ट तिथेच गळतो. म्हणून ही तपासणी करंट वाहत असतानाच करायची. मीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. रंगावर नाही, गंजावर नाही. आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा राहिला तर ठीक. त्यांच्या गाडीत एकाच्या वर गेला. वहिनी बटण दाबत होत्या, दादा खाली वाकून आकडा वाचत होते आणि मी फोनवर. पट्टी नवी घातली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली. एबीएस युनिट जिथल्या तिथे राहिलं. बदललं असतं तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती.

कॅम्परमध्ये आणखी एक खोड असते. आजकाल बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजून तो अल्टरनेटरला सांगतो, किती भरायचं ते. हौशी मालक इन्व्हर्टरची काळी वायर थेट बॅटरीच्या खुंटीवर, म्हणजे सेन्सरच्या अलीकडे, आवळतो. मग तेवढा करंट मोजलाच जात नाही. गाडीला बॅटरी भरलेली वाटते आणि ती हळूहळू रिकामी होत जाते. वायर चासीच्या ठरलेल्या बोल्टवर घेतली की प्रश्न मिटतो. म्हणून दिव्यांची तक्रार घेऊन येणाऱ्याला माझा दुसरा प्रश्न ठरलेला: कारखान्यातून निघाल्यानंतर या गाडीत काय काय जोडलं? सायकलचा कॅरिअर मागच्या सेन्सरसमोर उभा असतो. मागची एअर सस्पेन्शन बसवल्यावर गाडीचं नाक खाली जातं आणि काचेमागचा कॅमेरा रस्त्याकडे वेगळ्या कोनातून बघायला लागतो. पुढची काच बदलली आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन राहिलं, हा तर नेहमीचाच प्रकार. आणि रात्री दोन माणसं आत झोपली की सकाळी काचेवर दव धरतं, कॅमेरा आंधळा होतो. त्याला गॅरेज लागत नाही, पंधरा मिनिटं ब्लोअर पुरे.

चाकाच्या सेन्सरकडे पुन्हा येतो, कारण तिथे एक गंमत आहे. पूर्वी सेन्सरसमोर लोखंडी दाते असत, ते डोळ्यांनी दिसत. आता बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून भरलेले असतात. बघायला ते साधं काळं किंवा तपकिरी रबर. बेअरिंग उलटं दाबून बसवलं तर चाक छान फिरतं, आवाज नाही, लटपट नाही, पण सेन्सरला काहीच ऐकू येत नाही. मग नवा सेन्सर आणतात, दिवा तसाच. पुन्हा एक सेन्सर. ध्रुव दाखवणारं एक हिरवं कार्ड मिळतं, ते सीलवर धरलं की रेघा उमटतात आणि वाद संपतो. बेअरिंग बसवण्याआधी धरलं तर वाद सुरूच होत नाही.

कॅनच्या दोन वायरींचाही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी काढून मोजल्यावर ६० ओहम यावेत. १२० आले तर एका टोकाशी संबंध तुटला. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या. पण नव्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून हे मोजलं तर मध्ये बसलेल्या गेटवेची, म्हणजे जाळ्याच्या दाराची, अलीकडची बाजूच कळते. या दाराला कुलूप लागण्यामागे एक प्रकरण आहे. २०१५मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीला चौदा लाख गाड्यांची दुरुस्ती करावी लागली, आणि पुढे २०१८पासून त्याच कंपनीच्या गाड्यांत सुरक्षित गेटवे यायला लागले. चोराला अडवणारं हे दार गल्लीतल्या प्रामाणिक मेकॅनिकलाही अडवतं. त्याला कोड वाचता येतात, पण परवान्याशिवाय पुसता येत नाहीत. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. त्यातून कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपची जी सोय झाली, तिच्याबद्दल मी इथे काही बोलत नाही.

मला खरा राग आहे तो डॅशबोर्डचा. कोणता कोड आधी आला, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, किती व्होल्ट होते, हे पुष्कळ कॉम्प्युटर स्वतःजवळ लिहून ठेवतात. आणि पडद्यावर मात्र सात चित्रं आणि ‘वर्कशॉपशी संपर्क साधा’. ‘व्होल्टेज कमी पडलं म्हणून या यंत्रणा थांबल्या आहेत’ एवढं वाक्य लिहायला जागा नाही, असं त्या दहा इंची पडद्यावर कुणी म्हणू नये.

तोवर तुम्ही काय करायचं? लाल दिवा असेल तर थांबा. पिवळा एबीएस एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त चाक लॉक होण्यापासूनचं संरक्षण नाही. अंतर ठेवून घरी जा. पण पिवळ्या एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते, आणि ब्रेक ऑइल गळत असण्याचीही शक्यता असते. साडेतीन टनांची, आत कपाटं भरलेली व्हॅन फिरली तर तिला आवरणं कठीण. टो करून न्या. आणि गॅरेजमध्ये पोचलात की स्कॅनरची पहिली यादी, कोड पुसण्याआधीची, किलोमीटर आणि व्होल्टेजच्या रकान्यांसकट छापून मागा. ती द्यायला खळखळ करणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.