कचरा, कुत्री आणि आपली मुलं



पंचवीस वर्षांत सोसायटीने रस्ता, पाणी, बगीचा सगळं केलं. आज मी फक्त मुलांबद्दल बोलतो.

चंद्रपूरकरांना वाघ-बिबट नवे नाहीत. पण २०२२ साली वीज केंद्राजवळच्या दुर्गापुरात बिबट्याने लहान मुलाचा बळी घेतला, तेव्हा आपण सगळेच हादरलो. बिबट वस्तीत येतो तो बहुधा कुत्र्या-डुकरांमागे. ती येतात उघड्या कचऱ्यावर. वाढलेल्या झुडपांत त्याला लपायला जागा मिळते. अंधारात खाली बसलेलं लेकरू त्याला लहान जनावरासारखंच वाटू शकतं.

म्हणून विनंती एवढीच. उरलेलं अन्न कंपाउंडबाहेर फेकू नका. भिंतीमागची झुडपं आपण मिळून साफ करू. दिवेलागणीनंतर पोट्ट्यांना एकटं सोडू नका. बिबट दिसला तर मोबाईल घेऊन मागे जाऊ नका. मुलांना आत घ्या, वन विभागाला १९२६ वर कळवा.

मुलांनो, बिबट दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही. एकत्र राहून मोठ्याने ओरडायचं.

आजची रोषणाई उद्या उतरेल. मागच्या भिंतीजवळचा दिवा मात्र कायम ठेवा.